मोटारीच्या भागांतील भोंकें आणि चांदीचा डाख

मोटारीच्या एखाद्या धातूच्या भागास भोंक पडलें म्हणजे मालकाच्या मनांत पहिला विचार येतो तो तें बुजवून टाकण्याचा. भिंतीचें भोंक चुन्यानें बुजतें, लांकडाचें भोंक लांबी भरून बुजवितां येतें. मग धातूचें भोंक वितळलेल्या धातूनें कां बुजूं नये? विचार चुकीचा नाहीं. पण चांदीच्या डाखाच्या बाबतींत तो अर्धाच खरा आहे. हा डाख वितळला कीं पाण्यासारखा पातळ होतो. मोकळ्या भोंकांत तो ठरत नाहीं. कडांवर पसरतो, नाहीं तर खालीं गळून पडतो. त्याचें सामर्थ्य आहे तें अरुंद फटींत. दिव्याची वात जशी तेल वर ओढते, तशीच दोन स्वच्छ धातूंमधील चिंचोळी फट वितळलेल्या डाखास आंत ओढून घेते. शास्त्रांत यास केशाकर्षण म्हणतात. ही फट मिलिमीटरच्या विसाव्यापासून दहाव्या हिश्शापर्यंत, म्हणजे फार तर वहीच्या कागदाच्या जाडीइतकी असावी. तेव्हां भोंक बुजवावयाचें म्हणजे प्रथम त्या भोंकाचें फटींत रूपांतर करावयाचें. या कामाचें मर्म एवढेंच आहे, आणि बहुतेकांची फसगत होते तीही येथेंच.

नांव चांदीचें असलें तरी या डाखांत चांदी एकटी नसते. शुद्ध चांदी सुमारें ९६२ अंश सेंटिग्रेडला वितळते आणि तांबें १०८५ अंशांस. पण ७२ भाग चांदी व २८ भाग तांबें एकत्र केलें तर तें मिश्रण ७८० अंशांसच वितळतें. दोघांच्या मिलाफानें दोघांचाही ताठा उतरतो असें म्हणावयास हरकत नाहीं. त्यांत जस्त व थोडें कथील मिळविलें कीं हा अंक आणखी खालीं येतो. शेंकडा ५६ भाग चांदी, २२ तांबें, १७ जस्त व ५ कथील असा एक प्रचलित डाख आहे. तो ६१८ अंशांस मऊ पडूं लागतो आणि ६५२ अंशांस पूर्ण पातळ होतो. आपले सोनार दागिन्यांचे सांधे चांदी-तांब्याच्या अशाच डाखानें व टांकणखारानें पिढ्यान्‌पिढ्या जोडीत आले आहेत. कथील-शिशाचा साधा डाख १८३ अंशांस वितळावयास लागतो, म्हणून तो हाताळावयास सोपा. परंतु तो मऊ असतो आणि गरम इंजिनाच्या सतत थरथरीपुढें फार काळ टिकत नाहीं.

मग कोणत्या भागास चांदीचा डाख द्यावा ? लोखंडी अथवा पोलादी पत्रा, तांबें आणि पितळ यांवर तो उत्तम बसतो. ॲल्युमिनियम ६६० अंशांस वितळतें, म्हणजे डाख पातळ होतो न होतो तोंच भागाचाच रस होईल. जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचे जे कार्ब्युरेटर असतात, ते तर ४०० अंशांच्या आंतच वितळतात. रेडिएटरचें तांबें-पितळ चांदीच्या डाखास योग्य खरें. पण जुन्या रेडिएटरचे सर्व सांधे साध्या डाखाचे असतात. एक भोंक बुजवावयास जावें आणि शंभर सांधे सुटावेत, असा तो व्यवहार होतो. जुन्या कार्ब्युरेटरमधील पितळी तरंगत्या डबीचीही तीच गोष्ट. तिला साध्या डाखाचा बारीकसा थेंबच पुरे. अधिक धातू चढविल्यास डबी जड होऊन पेट्रोलची पातळी बिघडते.

चांदीच्या डाखाचें खरें क्षेत्र म्हणजे तेलाच्या व पाण्याच्या तांब्या-पितळेच्या नळ्या, आणि इंजिनाच्या तळाशीं तेल सांठविणारा पोलादी पत्र्याचा भाग, ज्यास कारागीर ‘चेंबर’ म्हणतात. अँबॅसडरची निर्मिती २०१४ सालीं थांबली आणि मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी २०२३ सालीं गेल्या. परंतु अशा जुन्या गाड्या जिव्हाळ्यानें सांभाळणारीं घरें अद्याप आहेत, आणि जुन्या गाडीचा सुटा भाग दर वेळीं मिळतोच असें नाहीं.

येथें एक इशारा स्पष्ट शब्दांत दिला पाहिजे. पेट्रोलच्या टांकीस घरीं ज्योत लावूं नये. रिकामी असली तरी नाहीं. भरलेल्या टांकीपेक्षां रिकामी टांकी अधिक घातक असते. हवेंत पेट्रोलची वाफ शेंकडा सुमारें दीड ते साडेसात भाग असली कीं तें मिश्रण स्फोटक होतें, आणि धुतलेल्या टांकीच्या शिवणींत व गंजाच्या पापुद्र्यांत दडलेलें पेट्रोल उष्णतेनें पुन्हां बाहेर येतें. हें काम ज्याचा तो धंदा आहे त्याच्याकडेच सोंपवावें.

चेंबरास दगड लागून करंगळीएवढें भोंक पडलें आहे असें समजूं. चेंबर गाडीवरून उतरवून त्यांतील तेल काढावें आणि साबण-सोड्याच्या गरम पाण्यानें तो आंतबाहेर धुवावा. कडेचा गंजलेला, पातळ झालेला पत्रा कानशीनें काढून निरोगी धातूपर्यंत यावें. मग त्याच जाडीच्या पोलादी पत्र्याची एक चकती कापावी. ती भोंकाच्या कडेवर सर्व बाजूंनीं पत्र्याच्या जाडीच्या निदान तिप्पट चढावी आणि ठोकून अशी बसवावी कीं मध्यें कागदाएवढीच फट राहील. दोन्ही पृष्ठभाग पॉलिशकागदानें चकचकीत करावे, आणि त्यानंतर त्यांस बोटही लावूं नये. पूर्वी तेथें कथील-शिशाचा डाख दिलेला असेल, तर तो समूळ काढावा. त्याचा अंश राहिल्यास नवा सांधा ठिसूळ होतो.

खाराविषयीं एक बारकावा आहे. टांकणखार ७४३ अंशांस वितळतो, म्हणून वर सांगितलेल्या हलक्या डाखास तो एकटा उपयोगी पडत नाहीं. त्यासाठीं फ्लुओराइड मिसळलेला तयार खार मिळतो. तो पाण्यांत कालवून दोन्ही पृष्ठभागांस लावावा, चकती बसवावी आणि ब्लोलँपची ज्योत भोंवतालीं फिरवीत सर्व भाग सारखा तापवावा. खार प्रथम फसफसतो, मग पांढरा पडतो आणि शेवटीं पाण्यासारखा नितळ होतो. तो नितळ झाला कीं थोड्याच वेळांत डाखाची कांडी चकतीच्या कडेस टेंकवावी. कांडी ज्योतीनें वितळवूं नये. तापलेल्या पत्र्यानेंच ती वितळली पाहिजे. डाख उष्णतेकडे धांवतो, म्हणून ज्योत कांडीच्या समोरच्या बाजूस धरावी. क्षणांत चकतीच्या कडेभोंवतीं एक रुपेरी रेघ उमटते. तेथें थांबावें. अधिक तापविल्यास डाखांतील जस्त उडूं लागतें आणि सांधा सच्छिद्र होतो.

हें सर्व काम मोकळ्या हवेंत करावें. फ्लुओराइडचा धूर डोळ्यांस व श्वासास बाधक आहे. त्याहून वाईट कॅडमियम. जुन्या सांठ्यांतील पुष्कळ कांड्यांत तें असे. त्याचा धूर त्या वेळीं फारसा जाणवत नाहीं, पण कांहीं तासांनीं फुप्फुसांस सूज आणून प्राणावर बेततो. युरोपीय संघानें २०११ सालीं असल्या डाखास बंदी घातली. कांडी विकत घेतांना ती बिनकॅडमियमची आहे कीं नाहीं, तें वेष्टनावर वाचून घ्यावें. वेष्टन नसलेली कांडी स्वस्त मिळाली तरी घेऊं नये.

सांधा निवूं लागला कीं गरम पाण्यांत बुडवून उरलेला खार घासून काढावा, नाहीं तर तोच पुढें पत्रा खातो. मग परीक्षा. चकतीवर बाहेरून खडूची पूड पाण्यांत कालवून लावावी, वाळूं द्यावी आणि चेंबरांत आंतून रॉकेल ओतून अर्धा तास ठेवावें. कोठें केसाएवढें छिद्र राहिलें असेल तर पांढऱ्या खडूवर ओला डाग पडतो. डाग पडला तर रॉकेल पूर्णपणें धुवून, पत्रा वाळवून, पुन्हां खार लावून तेवढीच जागा तापवावी. खडू कोरडा राहिला तर चेंबर गाडीस बसवावयास हरकत नाहीं.