विजापूरच्या वाटेवरचं चर्च

११ जुलै २०२५ रोजी पॅरिसहून बातमी आली आणि मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत जाऊन बसले. तेव्हा नळदुर्गकरांच्या मनात ‘मग आमचा किल्ला का नाही?’ हा प्रश्न आला असेल, तर तो साहजिकच आहे. त्याचं उत्तरही सरळ आहे. ती यादी मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याची होती आणि नळदुर्गचं आजचं देखणेपण विजापूरच्या आदिलशाहीचं. वारशाचे कप्पे राज्यकर्त्यांच्या नावाने पाडले की अशी पंचाईत होते. नळदुर्गचा एक नातेवाईक तर भलत्याच कप्प्यात पडून आहे. तो म्हणजे गोव्यातल्या तळावली गावचं सांताना चर्च.

पणजीहून मडगावच्या दिशेने निघून पिलारच्या बाजूला आत वळलं की हे गाव लागतं. गाव लहान आणि चर्च पाच मजली. पांढराशुभ्र दर्शनी भाग, दोन्ही अंगांना मनोरे. आत शिरल्यावर मान आपोआप वर जाते ती उंच कमानदार छताकडे. कोनाड्यांवर शिंपल्याची नक्षी आहे, बाजूंना सज्जे आहेत आणि भिंती इतक्या रुंद की पापाची कबुली द्यायला त्यांच्या पोटातच जागा काढली आहे. ‘बरोक’ या शैलीच्या व्याख्या पुष्कळ आहेत. मला एवढंच कळतं, की इथे दगड स्वस्थ बसत नाही, तो नाटक करतो.

हा दगडही आपला नेहमीचा नव्हे. तो जांभा, सच्छिद्र आणि ठिसूळ. त्यात बारीक कोरीवकाम टिकत नाही, म्हणून सगळी कलाकुसर चुन्याच्या गिलाव्यात. गिलावा हे या इमारतींचं कातडं आहे. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चचं ते कातडं १९५० च्या दशकात ‘जीर्णोद्धारा’च्या नावाखाली सोलून काढलं. पर्यटक आज त्या तांबड्या भिंतींचे फोटो काढतात आणि पाऊस दरवर्षी त्या भिंती खातो.

गावाची आख्यायिका अशी, की टेकडीवरून काठी टेकत एक म्हातारी उतरली आणि ‘मी इथे राहायला आले आहे, मला घर द्या’ म्हणाली. ती सांत आना, म्हणजे येशूची आजी. तिचं सध्याचं घर १६८१ मध्ये फ्रान्सिस्को दो रेगो या धर्मगुरूंनी बांधायला घेतलं आणि १६९५ मध्ये आंतोनियो फ्रान्सिस्को द कुन्य यांनी पुरं केलं.

या १४ वर्षांत आजूबाजूला काय चाललं होतं? नोव्हेंबर १६८३ मध्ये संभाजी महाराजांनी तळावलीच्याच तिसवाडी तालुक्यातलं जुवे बेट घेतलं आणि पोर्तुगीज व्हाइसरॉय जीव मुठीत धरून पळाला. १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर बुडवलं. अशा धामधुमीत एक खेडं पाच मजली चर्च उभारत होतं. आदिलशाहीचे बेकार झालेले गवंडी इकडे कामाला आले, असं लिहायचा मोह फार होतो. पण कागद हाती नसताना तो आवरावा हे बरं.

तो मोह मुळात पेरला पावलो व्हारेला गोमिश यांनी. हे पोर्तुगीज इतिहासकार पणजीत राहिले. २०११ मध्ये गोव्याच्या चर्च-स्थापत्यावर त्यांचं पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की ही चर्चं पोर्तुगीज नव्हेत, गोमंतकीय आहेत. ती उभारणारी माणसं इथली, आवडनिवड इथली आणि त्या आवडीवर दख्खनची, विशेषतः विजापूरची दाट छाप. पोर्तुगीज माणसानेच हे लिहावं याचं मला विशेष वाटतं. आपल्याकडे अजून गोव्याचं चर्च म्हटलं की ‘पोर्तुगीजकालीन’ हा शिक्का मारून विषय संपतो. जुन्या गोव्यात सांत कायतान चर्चजवळ आदिलशहाच्या वाड्याचा दरवाजा आजही उभा आहे. त्या वाड्यात पुढे पोर्तुगीज व्हाइसरॉयच राहत, हे तिथे गेलेल्या कितीजणांना माहीत असतं?

आता नळदुर्गकडे वळा. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास, बोरी नदीला बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला. नर-मादी धबधबे कोसळू लागले की सज्ज्यात बसलेल्या माणसासमोर पाण्याचा पडदा पडतो आणि अंगावर थेंब येत नाही. नवपाकळी बुरजाची भिंत सरळ जायचंच नाकारते. युरोपात रोम याच सुमारास बरोक शिकत होतं. कुणी कुणाची नक्कल केली असं मुळीच नाही. पण पाहणाऱ्याला चकित करण्याची ही हौस एकाच जातकुळीची वाटते.

आणि माणसं? जुलैअखेरीस सांतानाला तवशांचं, म्हणजे काकड्यांचं, फेस्त भरतं. मूल व्हावं म्हणून जोडपी सांत आनाला काकडी वाहतात. लग्न जमावं म्हणून अविवाहित मुलगे लाकडी चमचा नेतात, मुली उडीद. या गर्दीत हिंदूही असतात. नळदुर्गजवळच्या मैलारपूरच्या खंडोबाला नवस बोलणाऱ्याला यातलं काहीच परकं वाटू नये.

सांताना जागतिक यादीत नाही, नळदुर्गही नाही. गोव्याची त्या यादीतली १९८६ ची नोंद जुन्या गोव्यातल्या वास्तूंपुरती आहे. यादीत नाव आलं तर उत्तमच, पण त्यासाठी थांबायचं कारण नाही. नळदुर्गहून गोव्याला जाताना सोलापूरवरून विजापूरची वाट धरा. तिथे गोलघुमटापाशीच परत फिरू नका. मेहतर महालाचे सडपातळ मनोरे आणि इब्राहिम रोजा नीट बघा. मग प्रार्थनेची वेळ आधी विचारून तळावली गाठा. गोमिश यांचं म्हणणं पटतं की नाही, ते तुमच्याच डोळ्यांनी ठरवा.