दफ्तराचें बिऱ्हाड

एखाद्या कुटुंबानें जागा बदलली म्हणजे ट्रंका, भांडीं व अंथरूणपांघरूण गाडींत घालून नेतां येतें; परंतु नळाची व विजेची जोडणी गाडींत घालतां येत नाहीं. ती नव्या घरीं नव्यानेंच करून घ्यावी लागते. संगणकाची हार्ड डिस्क बदलणें हेंहि असेंच बिऱ्हाड हलविणें होय, आणि या दोहोंतील भेद लक्षांत न घेतल्यामुळेंच त्यांत पुष्कळांची फसगत होते.

हार्ड डिस्क ही चिरंजीव वस्तु नव्हे. १९५६ सालीं आय. बी. एम. कंपनीनें पहिली डिस्क बाजारांत आणली, तेव्हां तिच्या ५० चकत्यांवर मिळून सुमारें ५० लक्ष अक्षरें मावत. आज त्याच्या लक्षावधि पट मजकूर तळहाताएवढ्या डबींत राहतो. तरी फिरणाऱ्या चकत्या म्हटल्या कीं झीज आली. आणि ज्यांत कांहींच फिरत नाहीं, असे नवे एस. एस. डी. देखील केव्हांतरी निकामी होतातच.

पत्रें, हिशेब, छायाचित्रें हा ट्रंकेंतला माल होय. त्याची नक्कल केली कीं काम झालें. कार्यालयीन सॉफ्टवेअरची गोष्ट निराळी. तें बसवितांना विंडोजच्या रजिस्ट्री नांवाच्या नोंदवहींत असंख्य नोंदी होतात व त्याचे कांहीं भाग इतरत्र जाऊन बसतात. म्हणून प्रोग्रामचा केवळ फोल्डर उचलून नेल्यास तो बहुधा चालत नाहीं. येथें मार्ग दोनच. पहिला, जुन्या डिस्कची हुबेहूब प्रतिकृति, म्हणजे क्लोन, काढण्याचा. त्यांत सारें जसेंच्या तसें येतें, अर्थात् जुने दोषहि येतात. दुसरा, सॉफ्टवेअर नव्यानें बसविण्याचा. त्यासाठीं परवान्याचा क्रमांक किंवा खात्याचा परवलीचा शब्द आधींच शोधून ठेवावा. मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या २०१६ व २०१९ च्या आवृत्त्यांची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली, हेंहि ध्यानांत असावें. लिब्रेऑफिस हें विनामूल्य असून जुन्या वर्ड फाइलीहि उघडतें.

मराठी कुटुंबांपुढें याहून मोठा धोका आहे. युनिकोडची पहिली आवृत्ति १९९१ सालीं निघाली, तरी पुढें अनेक वर्षें मराठी मजकूर श्री-लिपीसारख्या किंवा पुण्याच्या सी-डॅकच्या फॉन्टांतच टंकला जात असे. त्यांत देवनागरी अक्षरें रोमन अक्षरांच्या व चिन्हांच्या जागीं बसविलेलीं असत. फॉन्ट मात्र बहुधा फाइलींत नसे. तो विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरांत असे. समजा, एखाद्या गृहस्थानें वडिलांच्या आठवणी अशा टंकून ठेवल्या आणि पुढें फाइल तेवढी नव्या डिस्कवर नेली. ती उघडतांच त्याच्यासमोर रोमन अक्षरांचा अर्थहीन कचरा येतो व वडिलांचे शब्द नष्ट झाले असें त्याला वाटतें. वस्तुतः फाइल शाबूत असते. किल्ली तेवढी मागें राहिलेली असते.

अशा वेळीं घाबरून जुनी डिस्क पुसूं नये. तिच्यांतून फॉन्ट काढून घ्यावा. अधिक बरें म्हणजे स्थलांतरापूर्वींच फॉन्टांची नक्कल करावी आणि महत्त्वाच्या लेखनाची पी. डी. एफ. प्रत काढावी. या प्रतींत फॉन्ट सामान्यतः अंतर्भूत होतो, त्यामुळें मजकूर कोठेंहि वाचतां येतो. पुढें सवडीनें परिवर्तकाच्या साह्यानें तो युनिकोडमध्यें आणावा. मात्र रफार व जोडाक्षरें यांत चुका राहतात, म्हणून मूळ प्रत शेजारीं ठेवून एकदां वाचून काढावा.

जुनी डिस्क आवाज करूं लागली असेल, तर क्लोनच्या खटाटोपापूर्वीं फाइली तेवढ्या आधीं उतरवून घ्याव्या. आउटलुकची टपाल-फाइल कित्येकदां आडबाजूच्या फोल्डरांत असते. तिचाहि शोध घ्यावा. नक्कल पुरी झाल्याचा संदेश हा पुरावा नव्हे. प्रत्येक प्रकारची एकेक फाइल, विशेषतः सर्वांत जुनी, उघडून पाहावी. त्यानंतरहि दोनतीन महिने जुनी डिस्क न पुसतां कपाटांत ठेवावी, आणि महत्त्वाच्या फाइलींची आणखी एक प्रत घराबाहेर, विश्वासू आप्ताकडे असूं द्यावी.