इंजिन का थरथरते?

चौकात लाल दिवा लागला की मोटारी थांबतात. पण बहुतेकांची इंजिने चालूच असतात. गाडी उभी असताना इंजिन मंद गतीने चालू राहते, याला 'आयडलिंग' म्हणतात. चांगल्या इंजिनाचा आवाज अशा वेळी एकसारखा येतो. काही गाड्या मात्र थरथरतात, गचके देतात, कधी बंदही पडतात. 'इंजिन मिसिंग करते,' असे मिस्त्री म्हणतात. याचे कारण काय?

१८७६ साली जर्मनीत निकोलस ऑटो यांनी चार टप्प्यांचे इंजिन तयार केले. आजची पेट्रोल इंजिनेही त्याच तत्त्वावर चालतात. सिलिंडरमध्ये हवा व पेट्रोल यांचे मिश्रण येते, ते दाबले जाते, ठिणगीने पेटते आणि शेवटी धूर बाहेर पडतो. हे चार टप्पे इंजिनाच्या दोन फेऱ्यांत पूर्ण होतात. समजा, चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्या करते. म्हणजे मिनिटात एकूण १६०० वेळा मिश्रण पेटते! एखादा सिलिंडर चुकू लागला, की इंजिनाचा ताल बिघडतो.

हा दोष गाडी थांबल्यावरच अधिक का जाणवतो? सायकल वेगात असली की तोल सहज सांभाळता येतो. अगदी सावकाश चालवली की ती डगमगते. इंजिनाचेही तसेच आहे. गती मंद असली की लहानशी चूकही लपत नाही.

पहिले कारण ठिणगीचे. स्पार्क प्लग झिजला किंवा त्यावर काजळी साचली, तर ठिणगी नीट पडत नाही. प्लगला वीज पुरवणारी कॉइल बिघडली तरी असेच होते.

दुसरे कारण हवेचे. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १५ किलो हवा लागते. हवा आत नेणाऱ्या रबरी नळीला चीर पडली, तर तिथून जास्तीची हवा शिरते आणि हे प्रमाण बिघडते. उलट, हवेच्या झडपेवर मळ साचला, तर हवा कमी पडते.

तिसरे कारण पेट्रोलचे. पेट्रोलचा फवारा मारणाऱ्या इंजेक्टरमध्ये कचरा अडकला, तर फवारा नीट उडत नाही. जुन्या गाड्यांत हेच दुखणे कार्बुरेटरचे असे.

कधी कधी इंजिन ठीक असते, पण ते ज्या रबरी आधारांवर बसवलेले असते ते फाटलेले असतात. मग इंजिनाची नेहमीची कंपनेही थेट गाडीत पोहोचतात.

थरथरीकडे दुर्लक्ष करणे महागात पडते. न जळलेले पेट्रोल वाया जाते, हवा दूषित होते आणि धूर शुद्ध करणारे महागडे यंत्र तापून निकामी होऊ शकते. म्हणून चांगला मिस्त्री अंदाजाने सुटे भाग बदलत नाही. ठिणगी, हवा, पेट्रोल असे एकेक तपासत तो मूळ कारणापर्यंत जातो. बंद खोलीत मात्र तो इंजिन कधीच चालू ठेवत नाही. कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना रंग असतो, ना वास.

स्वाध्याय
१. आयडलिंग म्हणजे काय?
२. इंजिनाचा दोष मंद गतीत अधिक का जाणवतो?
३. इंजिन थरथरण्याची तीन कारणे लिहा.