जेवणाची खोली : तीन ऋतू, थोडा खर्च आणि आपल्या कारागिरांची रोजी

गोंदियाच्या बाजारपेठेत दुकान थाटलेला आपला बांधव दुकानाच्या सजावटीत सहसा हात आखडता घेत नाही. फळ्या, काचा, दिवे, पाटी, सर्व काही वेळच्या वेळी होते. परंतु ज्या खोलीत त्याचे कुटुंब दिवसातून दोनदा एकत्र बसते, त्या जेवणाच्या खोलीकडे वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही. एका कोपऱ्यात तांदळाची पोती, दुसऱ्या कोपऱ्यात दुकानातून आलेली रिकामी खोकी, भिंतीला पोपडे. मग एके दिवशी मुलीच्या सोयरिकीसाठी पाहुणे येणार असा निरोप येतो आणि घरात एकच धावपळ उडते. हाती वेळ नाही, पैसाही नाही, म्हणून मोठे डायनिंग टेबल हप्त्याने घरात येते.

ही चूक आम्हीही केलेली आहे. सहा खुर्च्यांचे टेबल आम्ही हप्त्याने आणले. खोली दहा बाय बारा फुटांची. टेबल मांडल्यावर वाढणाऱ्या बाईला फिरायला जागा उरली नाही. पहिल्याच पावसाळ्यात भुशाच्या दाबीव पाटीचे काठ फुगले. पावसाळा संपला, हप्ते मात्र संपले नाहीत. आज त्या टेबलावर हिशेबाच्या वह्या आणि इस्त्रीचे कपडे असतात. कुटुंब जेवते ते खाली, दस्तरखानावरच.

या अनुभवातून आम्ही एक गोष्ट शिकलो. जेवणाची खोली एकदम आणि कर्जाने सजवायची नसते. ती ऋतूप्रमाणे, थोडी थोडी, रोख पैशाने आणि आपल्याच गावच्या कारागिराकडून सजवायची असते. यात घराची शोभा आहे, व्याजापासून सुटका आहे आणि आपल्या कारागिरांचा धंदाही आहे.

धर्माची शिकवण

इस्लामने नीटनेटकेपणाला मनाई केलेली नाही, मनाई आहे ती उधळपट्टीला. सूरह अल-आराफच्या ३१ व्या आयतीत चांगला पोशाख करण्याची व खाण्यापिण्याची मोकळीक आहे, आणि त्याच आयतीत मर्यादा ओलांडू नये अशी ताकीदही आहे. हजरत अनस (रजि.) यांच्या कथनानुसार प्रेषित मुहम्मद (स.) उंच मेजावर नव्हे, तर जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानावर जेवत. यावरून टेबल निषिद्ध ठरते असे मुळीच नाही. गुडघे धरलेल्या वडीलधाऱ्यांना खुर्ची हवीच. परंतु टेबल नाही म्हणून घराची इज्जत कमी होते, ही समजूत आपण मनातून काढून टाकली पाहिजे.

सजावटीबाबत आणखी एक हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. हजरत आयशा (रजि.) यांनी घरात चित्रांचा एक पडदा लावला होता. प्रेषितांनी (स.) तो नापसंत केला, तेव्हा त्याच कापडाच्या उशा करण्यात आल्या. कापड फेकले गेले नाही, कामी आले. काटकसरीचा यापेक्षा चांगला धडा कोणता? सोन्याचांदीच्या भांड्यांत खाण्यापिण्यासही हदीसमध्ये मनाई आहे. म्हणजे आपल्या दस्तरखानाची शोभा माती, लाकूड, बांबू, सूत आणि कल्हईचे पितळ यांतूनच यायची, आणि या सर्व वस्तू आपल्या जिल्ह्यात किंवा शेजारी मिळतात.

आधी हिशेब

उदाहरणादाखल, एखाद्या कुटुंबाने महिन्याला ३०० रुपये वेगळ्या डब्यात टाकले, तर वर्षाचे ३,६०० रुपये होतात. हे पैसे तिन्ही ऋतूंत सारखे वाटू नयेत. आमच्या जिल्ह्यात पैसाही ऋतूनेच येतो. दिवाळीच्या आगेमागे धान निघते आणि बाजारात रोकड खेळू लागते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले आणि मे महिन्यात तेंदूपत्ता यांवर जंगलालगतच्या गावांत थोडी मजुरी येते. जुलैत धानाची रोवणी लागली की शेतकऱ्याचा खिसा रिकामा, आणि शेतकऱ्याचा खिसा रिकामा म्हणजे दुकानदाराचा गल्लाही रिकामा. म्हणून हिवाळ्यात १,८००, उन्हाळ्यात १,२०० आणि पावसाळ्यात ६०० रुपये अशी विभागणी आम्ही सुचवू.

एखादी मोठी वस्तू घ्यायची झाल्यास १२ घरांनी मिळून चिठ्ठीची भिशी चालवावी. प्रत्येकी ३०० रुपये टाकले, की दरमहा एका घराला ३,६०० रुपये मिळतात आणि व्याजाचा एक पैसाही द्यावा लागत नाही. बोली लावून कमी रक्कम उचलण्याची भिशी मात्र टाळावी. तिच्यात मागील दाराने व्याजच शिरते.

हिवाळा : पितळ आणि कापूस

गोंदियाची थंडी विदर्भात कडक गणली जाते. बसल्या जागी फरशी टोचते. म्हणून या ऋतूचा पहिला खर्च बैठकीचा. पिंजाऱ्याला बोलावून घरच्या जुन्या गाद्यांचा कापूस पिंजून घ्यावा आणि त्यातून दीड फूट चौरस बसकरे व भिंतीला टेकायला दोन लोड भरून घ्यावेत. नवा कापूस फार लागत नाही. कोरड्या हवेत पिंजलेला कापूस फुलतो, पावसाळ्यात भरलेली गादी दमट राहते. म्हणून हे काम दिवाळीनंतरच करावे.

दुसरा खर्च कल्हईचा. १ मे १९९९ रोजी वेगळा जिल्हा होईपर्यंत गोंदिया हा भंडारा जिल्ह्याचाच भाग होता, आणि भंडाऱ्याचे पितळ प्रसिद्ध आहे. आपल्या जुन्या घरांच्या माळ्यावर ती ताटे, तांबे, परात आणि पातेली आजही पडून असतील. नवी शोभेची भांडी घेण्याआधी माळ्यावर एकदा चढून पाहावे. भांडे तापवून त्यावर नवसागर टाकायचा, मग कथिल लावून कापसाच्या बोळ्याने फिरवायचे, की आतून चांदीसारखा थर चढतो. या थरामुळे आंबट पदार्थ पितळेत कळकत नाहीत. कथिल शुद्ध आहे याची मात्र खात्री करून घ्यावी. शिसे मिसळलेले कथिल आरोग्यास घातक असते. घासलेले पितळ एका फळीवर ओळीने मांडले, की भिंतीला दुसऱ्या सजावटीची गरज उरत नाही.

हिवाळ्याचा दस्तरखान जाड आणि गडद रंगाचा असावा. माप सोपे आहे. माणशी दोन फूट जागा धरली, तर समोरासमोर बसणाऱ्या सहा जणांना सहा फूट, म्हणजे जवळजवळ दोन मीटर कापड पुरते. एक सूचना विसरू नये. ऊब हवी म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नये. तिचा धूर दिसत नसला, तरी विषारी वायूने माणसे दगावतात.

उन्हाळा : चुना, वाळा आणि माती

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. या ऋतूत सजावट म्हणजेच गारवा. दहा बाय बाराच्या, दहा फूट उंच खोलीच्या चार भिंती दारे-खिडक्यांसह ४४० चौरस फूट भरतात. इतक्या भिंतींना घरच्या घरी चुना देणे दोन माणसांचे एका दिवसाचे काम आहे. चुन्यात किंचित नीळ टाकली की पांढरा रंग उजळतो आणि डिंक घातला की हाताला लागत नाही. जमल्यास गच्चीवरही चुना द्यावा, खाली फरक जाणवतो.

पश्चिमेच्या खिडकीला वाळ्याची ताटी किंवा बुरुडाने विणलेला बांबूचा पडदा लावावा. ताटीवर पाणी शिंपडले की गारवा आणि सुगंध दोन्ही मिळतात. हवा बाहेर जायला समोरची एक खिडकी उघडी ठेवावी, नाहीतर खोली दमट होते. गाद्या गुंडाळून चटई अंथरावी. कुंभाराचा माठ तिवईवर ठेवून त्याला ओले सुती फडके गुंडाळावे. दस्तरखान पांढरा, हिरव्या काठाचा. मध्ये पितळेच्या वाटीत पाण्यावर चार मोगऱ्याची फुले. शोभेवर एवढा खर्च पुरे.

दावतीसाठी पळसाच्या पत्रावळी आहेतच. महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी आली आणि १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी झाली. पळस आपल्या जंगलात उदंड आहे. पत्रावळी शिवणाऱ्या हातांना आणि विकणाऱ्या दुकानांना ही चालून आलेली संधी आहे.

पावसाळा : कमी खर्च, जास्त हात

पावसाळ्यात पाण्याला तोटा नसतो, पैशाला असतो. म्हणून या ऋतूत विकत घेण्यापेक्षा हाताने करावे. कापसाची बसकरे उन्हात वाळवून, वाळलेल्या कडुनिंबाच्या पानांसह पेटीत ठेवावीत. जमिनीवर ओल धरत नाही अशी बांबूची किंवा प्लास्टिकची चटई, तिच्यावर पुसून घेता येईल असे मेणकापड. दिवस काळोखी असतात, म्हणून रंग उजळ हवा. शिंप्याच्या दुकानात कापडाचे रंगीत तुकडे पोत्याने पडलेले असतात. ते गोधडीसारखे जोडून दस्तरखान आणि खिडकीचे पडदे शिवता येतात. पांढऱ्याऐवजी पिवळसर प्रकाशाचा एक एलईडी दिवा दस्तरखानाच्या बरोबर वर लावला, तर साधी खिचडीही पाहुण्यासमोर मानाने वाढता येते.

बांबूचे सामान हिवाळ्यात घेतलेले बरे, कारण पावसाळ्यात तोडलेल्या बांबूला कीड लवकर लागते. तोडलेला बांबू दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून मग वाळवला, तर भुंगा कमी लागतो. जाणते कारागीर हे करतातच. घेणाऱ्यानेही विचारून घ्यावे.

रमजान फिरतो, दुकानातला माल फिरत नाही

आता आमच्या व्यापारी बंधूंसाठी एक महत्त्वाची गोष्ट. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असते, त्यामुळे रमजान सुमारे ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो. २००० साली रोजे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये होते. २०१६ ते २०२२ या काळात ते बहुतांशी एप्रिल, मे आणि जूनमध्ये आले. त्या वर्षांत इफ्तारच्या खोलीला माठ, वाळा आणि पांढरे कापड लागत होते, आणि आपण तोच माल भरण्याची सवय लावून घेतली. २०२५ साली मात्र पहिला रोजा २ मार्चला झाला. त्यानंतर रमजान दरवर्षी हिवाळ्यात आणखी आत सरकतो. २०३० साली तर जानेवारीत एक आणि डिसेंबरच्या अखेरीस दुसरा, असे दोन रमजान सुरू होतील.

याचा अर्थ स्पष्ट आहे. इफ्तार आणि सहरीच्या खोलीचे गिऱ्हाईक आता थंडीचे गिऱ्हाईक होत आहे. त्याला जाड दस्तरखान, बसकरे, लोड आणि कल्हई केलेली भांडी हवीत. शिवाय याच दिवसांत धानाचा पैसा लोकांच्या हाती असतो. उन्हाळी माल विकणाऱ्यांनीही निराश होण्याचे कारण नाही. २०२५ साली बकरी ईद ७ जूनला आली आणि तीही मे, मग एप्रिल अशी मागे सरकते. म्हणजे पत्रावळी, माठ आणि चटया यांचा हंगाम बकरी ईदला धरावा.

आमची सूचना अशी की पिंजारी, कल्हईवाला, शिंपी आणि बुरूड यांनी वेगवेगळे दारोदार फिरण्यापेक्षा एखाद्या कापड दुकानदाराशी बोलणी करावी. दुकानदाराने शाबान महिन्यातच नोंदणी घ्यावी. भांडी आणि जुन्या गाद्या गोळा कराव्यात, काम करून परत द्यावीत आणि दस्तरखान आपल्या दुकानातला द्यावा. दर आधी ठरलेला, लिहून दिलेला असावा. कारागिराची मजुरी काम होताच द्यावी. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी चुकती करण्याची प्रेषितांची (स.) शिकवण सर्वांना ठाऊक आहे. अडचण आहे ती अंमलाची. गिऱ्हाईकाला सर्व कामे एका जागी मिळतील, कारागिराची पायपीट वाचेल आणि दुकानदाराला नवे गिऱ्हाईक मिळेल.

सोयरिकीला येणारे पाहुणे टेबलाची लांबी मोजायला येत नाहीत. आलेच, तर ती सोयरीक करावी की नाही याचा विचार मुलीच्या बापाने करावा. शहाण्या पाहुण्याला स्वच्छ भिंत, धुतलेला दस्तरखान आणि कर्जाशिवाय वाढलेला घास दिसतो. तो घास गोड लागतो, कारण त्यात घरची हलाल कमाई असते आणि गावच्या चार कारागिरांची मजुरीही. अल्लाह आपल्या सर्वांच्या दस्तरखानावर बरकत देवो. आमीन.