माळशेजच्या अलीकडचा तालुका

माळशेज घाट कुठे आहे, हे मुंबई-ठाण्यात कुणाला सांगावं लागत नाही. पण कल्याण-विठ्ठलवाडीकडून निघालेली एसटी ज्या तालुक्यातून तिथवर जाते, त्या मुरबाडची ओळख कितीजणांना आहे? 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर वेगळं झाल्यावर ठाणे जिल्ह्यात सात तालुके उरले. शेती हाच ज्यांचा मुख्य आधार, असे त्यांत माझ्या मते दोनच : शहापूर आणि मुरबाड.

हा मुलूख आडबाजूचा कधीच नव्हता. वैशाखऱ्याजवळून चढणारा नाणेघाट ही सोपारा-कल्याणच्या बंदरांवरून जुन्नरला जाणारी सातवाहनकालीन वाट. माथ्यावरच्या लेण्यात नागनिका राणीचा शिलालेख आहे. यज्ञांत दान दिलेल्या गाईंचे आकडेसुद्धा त्यात ब्राह्मी अंकांत कोरलेले आहेत. जनावरांचा बाजार या भागात आजही भरतो, पौष पौर्णिमेला सुरू होणाऱ्या म्हशाच्या जत्रेत. बैल पाहायला आणि घोंगडी घ्यायला लांबलांबची माणसं येतात.

इथलं मुख्य पीक भात, आणि त्याची तयारी उन्हाळ्यातच राबाने सुरू होते. रोपं जिथे टाकायची तिथे शेण पसरतात, त्यावर तोडलेल्या फांद्या आणि पाला, मग गवत, आणि सगळ्यावर बारीक मातीचा थर. वारा पाहून अशा बेताने पेटवायचं की रास भडकू नये, आतल्या आत धुमसत राहावी. तणाचं बी जळून जातं, राख जमिनीला मिळते. मग मृगाच्या पावसावर पेर होते, आणि रोपं हाताशी आली की चिखलणी करून लावणी. बायका वाकून ओळीने मागे मागे सरकतात, डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्याने दोन-चार काड्या चिखलात रोवत. दिवस दिवस पावसात हे चालतं. भात निघालं की जमिनीच्या ओलीवर वाल, हरभरा. त्यापुढे बहुतेक शेतं मोकळी पडतात, आणि अनेक कातकरी कुटुंबं उचल फेडायला पोराबाळांसकट वीटभट्ट्यांवर जातात.

पावसाळ्यात कणगी रिकामी झाली की कुणबी-ठाकरांना सावकाराचं दार गाठावं लागे. ते थांबावं म्हणून माथेरानच्या भाई कोतवालांनी धान्यकोठी काढली होती. पुढे त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. 2 जानेवारी 1943 रोजी याच तालुक्यातल्या सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळ्यांनी कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले.

तेव्हा या डोंगरांवरून शहराकडे वीज जात होती, आता इथून पाणी जातं. बारवी धरण एमआयडीसीचं. ते कारखान्यांसाठी आणि उल्हासनगरपासून मीरा-भाईंदरपर्यंतच्या शहरांसाठी आहे, शेतीसाठी नाही. उंची वाढवल्यावर 2019 साली ते नव्या क्षमतेने भरलं, आणि तोंडली, काचकोलीसारखी गावं पाण्याखाली गेली. विस्थापित कुटुंबांना शहरांच्या महापालिकांत नोकऱ्या देण्याचं ठरलं. हा न्याय खराच, पण नोकरी म्हणजे खाचर नव्हे. आता काळू नदीवरचं धरण पुढे आहे, तेही महानगराच्या तहानेसाठीच. त्यात हजाराच्या आसपास हेक्टर जंगल जायचं आहे. श्रमिक मुक्ती संघटनेने दाद मागितल्यावर 2012 साली मुंबई उच्च न्यायालयाने ते काम थांबवलं. प्रकल्प मात्र सरकारने सोडलेला नाही.

मुरबाड विधानसभा मतदारसंघात बदलापूर शहरही येतं. तिथल्या मतांपुढे पाड्यावरच्या मतांचं वजन किती पडणार? मेमध्ये पाड्यांवर टँकरची वाट पाहणाऱ्या बायांचा आवाज म्हणूनच दूर जात नाही. तो आवाज उठवायचा तर पाणी पिणाऱ्यांनीच उठवला पाहिजे. काळूवर भिंत बांधण्याआधी तालुक्यातल्या शेतांचा आणि पाड्यांचा पाण्यातला वाटा सरकारने कागदावर लिहून द्यावा, ही मागणी विठ्ठलवाडी-उल्हासनगरच्या, कल्याण-डोंबिवलीच्या नागरिकांनी आपल्या नगरसेवकांकडे आणि आमदारांकडे करावी.