डीईएफचा दिवा लागला की आधी काय बघायचं?

बुधवार पेठेत व्याख्यान म्हटलं की इतिहास, नाहीतर साहित्य. आज आम्ही युरियाच्या टाकीवर बोलणार आहोत, तरी सभागृह भरलंय. आनंद आहे.

एका गाडीपासून सुरुवात करतो. ट्रॅव्हलरच्या चासीवर बांधलेलं मोटारहोम, मालक निवृत्त जोडपं. गाडी सात-आठ महिने सोसायटीत उभी होती. पावसाळ्यात कोकणात जायला निघाले आणि ताम्हिणी घाटात दिवा लागला. पुढे गाडीचा जोर कमी होत गेला. एका वर्कशॉपने कोड वाचला, "सेन्सर गेला" म्हणून टाकीतलं आख्खं युनिट बदललं आणि पाच आकडी बिल दिलं. दोन दिवसांनी दिवा परत हजर. गाडी आमच्याकडे आली तेव्हा आम्ही टाकीतलं द्रव तपासलं. युरिया होता २४ टक्के, हवा ३२.५. पातळी कमी झाली म्हणून कोणीतरी मधे बिसलेरीसारखं बाटलीतलं पाणी ओतलं होतं. म्हणजे जुना सेन्सर खरं सांगत होता, नवीनही खरंच सांगत होता. चांगला साक्षीदार आपण पैसे देऊन बदलला!

हे सगळं आलं कुठून? १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं. बीएस-४ वरून आपण बीएस-५ गाळून थेट सहावर गेलो. डिझेलच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी करायला बऱ्याच गाड्यांत एससीआर यंत्रणा आली. डीईएफ म्हणजे शुद्ध युरिया आणि क्षाररहित पाणी. गरम धुरात ते फवारलं की अमोनिया तयार होतो, आणि कॅटॅलिस्टमध्ये तो नायट्रोजन ऑक्साइडचं साधा नायट्रोजन आणि पाणी करतो. हे द्रव संपलं किंवा पातळ केलं तरी इंजिन चालतंच, म्हणून नियमातच शिक्षा ठेवलीय. युरो-६ च्या जड वाहनांत आधी टॉर्क पाव भागाने कमी होतो, पुढे वेग ताशी २० किलोमीटरवर येतो. हलक्या गाड्यांत बहुधा किलोमीटरची उलटी मोजणी सुरू होते आणि शेवटी गाडी बंद केली की पुन्हा सुरूच होत नाही. बायकामुलं, गॅस, फ्रिज सगळं घेऊन घाटात असताना हे झालं तर काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

आता सेन्सर. टाकीत तीन गोष्टी मोजतात : पातळी, तापमान आणि गुणवत्ता. पातळीला काही ठिकाणी तरंगता फ्लोट असतो, काही ठिकाणी ध्वनिलहरी. गुणवत्ता बहुतेक ध्वनीनेच. ठरलेल्या अंतरावरून लहर परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं. युरियाच्या प्रमाणानुसार आणि तापमानानुसार ध्वनीचा वेग बदलतो. म्हणूनच तापमानाचा आकडा चुकला की गुणवत्तेचाही चुकतो. आणि टाकी नुकतीच घाईघाईने भरली असेल, द्रवात बुडबुडे असतील, तरी चुकीचा आकडा येतो. अशा वेळी थोडं थांबा, मग परत बघा. याशिवाय धुराच्या नळीत नॉक्स सेन्सर असतात. ते टाकीतले नव्हेत, पण दिवा तोच लागतो. म्हणून कोड पुरता वाचायचा. पी-२०३बी असेल तर पातळीच्या सेन्सरचा प्रश्न, पी-२०७एफ असेल तर गुणवत्तेचा, आणि पी-२०ईई म्हणजे एससीआर पुरेसं काम करत नाही. या शेवटच्या कोडवर टाकीचं युनिट बदलणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलणं.

आमचा क्रम असा. आधी द्रव. डीईएफचा रिफ्रॅक्टोमीटर घ्यायचा, बॅटरीचा नव्हे, एक थेंब पुरतो. पण तो फक्त प्रमाण सांगतो, घाण सांगत नाही. म्हणून थोडं काचेच्या पेल्यात काढून उजेडात धरा. पाण्यासारखं नितळ हवं. वर तवंग असेल तर डिझेल किंवा तेल गेलंय; मग किल्लीसुद्धा फिरवू नका, पंप ते पुढे ढकलेल.

इथे आपल्याकडची एक खास भानगड आहे. शेतीच्या युरियाची ४५ किलोची गोणी अनुदानामुळे अडीचशे-पावणेतीनशेच्या आसपास मिळते, म्हणून कोणी कोणी तोच पाण्यात कालवून "घरचं डीईएफ" करतात. हा युरिया वळवणं गुन्हा आहे, ते एक. दुसरं, २०१५ पासून त्यावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो. रिफ्रॅक्टोमीटरवर तो बरोबर ३२.५ दाखवू शकतो आणि तरी कॅटॅलिस्टची वाट लावतो. बादली विकत घेताना आयएसओ २२२४१ आणि उत्पादनाची तारीख बघा.

तारखेचं मोटारहोमवाल्यांनी जास्तच मनावर घ्यावं, कारण या गाड्या चालतात कमी आणि उभ्या राहतात जास्त. २५ अंशांखाली साठवलेलं डीईएफ दीड वर्ष टिकतं. ३५ अंशांपर्यंत गेलं की सहा महिने धरा. विदर्भातला मे महिना काढलेली, उन्हात उभी टाकी, झाकण उघडल्यावर अमोनियाचा भपकारा आला तर ओतून द्या. टाकी क्षाररहित पाण्याने धुवा, ते पाणी पूर्ण काढा, मग ताजं भरा. त्यानंतरही दिवा लगेच जात नाही. संगणकाला खात्री पटायला गाडी काही अंतर चालवावी लागते.

दुसरी पायरी वायरी. डीईएफ तांब्याला खातं आणि वायरीच्या आतून वर चढतं. कनेक्टर उघडा. पांढरी पूड म्हणजे सुकलेला युरिया, कोमट पाण्याने जातो. हिरवट थर म्हणजे तांबं खाल्लंय, तिथे वायर बदलायची. मग व्होल्टेज. इथे बाहेर तपकीर गल्लीत साधा मल्टीमीटर मिळतो, तेवढा पुरे. सेन्सरपर्यंत पुरवठा आणि अर्थ येतात का ते बघा. बॅटरी सोडवून कॅनच्या दोन तारांमध्ये सुमारे ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एका टोकाचा रेझिस्टर किंवा तार गेलीय. रात्रभर पंखे-दिवे चालवून बॅटरी उतरली असेल तरी सकाळी खोटे कोड येतात.

आणि ही सवय तर अगदी या गाड्यांचीच. मुक्कामावर पोचलं की गाडी बंद, लगेच मेन कट-ऑफ बंद. इंजिन बंद झाल्यावर बऱ्याच यंत्रणांत पंप नळीतलं डीईएफ परत टाकीत ओढतो, त्याला काही मिनिटं वीज लागते. ती मिळाली नाही तर द्रव नळीत आणि फवाऱ्याच्या तोंडाशी सुकतं, खडे होतात. चहा पिऊन या, मग कट-ऑफ.

सगळं ठीक निघालं तरच सेन्सर. तो कधीच जात नाही असं आम्ही म्हणत नाही. २०२१ मध्ये चिपच्या टंचाईत अमेरिकेत हेच सेन्सर मिळेनात, मोटारहोम कित्येक महिने उभी राहिली. शेवटी तिथल्या पर्यावरण खात्याने तात्पुरतं सॉफ्टवेअर चालवायला परवानगी दिली, सेन्सरच्या कोडमुळे गाडी मंदावू नये म्हणून.

एक चिठ्ठी आलीय : "हिवाळ्यात लडाखला जातोय, द्रव गोठलं तर?" उणे ११ अंशांना ते गोठतं आणि फुगतं, म्हणून टाकी काठोकाठ भरू नका. गोठल्याने ते खराब होत नाही. टाकीत हीटर असतो. इंजिन सुरू करा, वितळू द्या. पण त्यात गरम पाणी किंवा अँटिफ्रीझ ओतू नका.

दुसरी चिठ्ठी : "डबी लावून हे सगळं बंद करता येतं म्हणतात." हो, बाजारात मिळते. ती सेन्सरच्या जागी खोटे आकडे देते. बेकायदा आहे, वॉरंटी जाते, आणि आम्ही ती बसवत नाही. अशी गाडी आमच्याकडे आली की आधी ती डबीच शोधावी लागते, बहुतेक वेळा डॅशबोर्डच्या मागे.