वाऱ्याच्या वाटेवरची जुळी शहरं

धारवाडच्या दक्षिणेला सोमेश्वराच्या देवळापाशी शाल्मला उगम पावते. कलघटगीजवळ हुबळीकडून येणारी बेडती तिला मिळते. यल्लापूरच्या रानात मागोडला हे पाणी सुमारे 200 मीटर खाली कोसळतं आणि गंगावळी हे नाव घेऊन गोकर्णाच्या उत्तरेला समुद्राला मिळतं. म्हणजे धारवाडवर पडलेला थोडा पाऊस तरी जिथून आला तिथंच परत जातो. त्याला इथवर आणणारा वारा आणि गोकर्णाच्या किनाऱ्यावर लाट उठवणारा वारा एकच.

हा वारा येतो फार लांबून. विषुववृत्ताच्या दक्षिणेला वाहणारे आग्नेय व्यापारी वारे उन्हाळ्याअखेर आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडतात, पृथ्वीच्या परिवलनामुळे उजवीकडे वळतात आणि नैर्ऋत्य मोसमी वारे होऊन अरबी समुद्रावर येतात. मोकळ्या पाण्यावर वारा जितका लांबवर आणि जितका वेळ वाहील तितकी लाट मोठी. म्हणून जून ते ऑगस्टमध्ये गोकर्ण-कारवारचा समुद्र खवळलेला असतो. पण सर्फिंग करणाऱ्याला ही लाट नको असते. पाठीमागून वारा रेटत असला की ती अवेळी फुटते, विस्कटते. फळीवर उभं राहायला सलग, गुळगुळीत लाट लागते.

ती मिळते पावसाळा सरल्यावर. हिवाळ्यात ईशान्येचे वारे जमिनीवरून येतात आणि समुद्र निवतो. तरीही दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांनी उठवलेल्या लाटा हजारो किलोमीटर कापून इथं पोचतातच. सकाळी मतलई वारे समोरून त्यांना थोपवून धरतात. दुपारी खारे वारे सुटले की पाणी चुरगळतं. मेअखेरीस लाटा वाढलेल्या असतात आणि पाऊस उंबरठ्यावर असतो. मुळकीजवळ ससिहित्लूला राष्ट्रीय सर्फिंग स्पर्धा भरल्या त्या याच सुमारास.

तोच वारा पुढं सह्याद्री चढतो आणि चढता चढता रिता होतो. कारवारला वर्षाकाठी सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, धारवाडला जेमतेम 800. मराठी माणसाला पेढ्यामुळे आणि जी. ए. कुलकर्णींमुळे ठाऊक असलेलं हे गाव सुमारे 750 मीटर उंचीवर, मलनाड या डोंगराळ मुलुखाच्या काठावर बसलं आहे. इथली माती तांबडी. वीसेक किलोमीटरवर त्याच्या जुळ्या शहराला, हुबळीला, पोचेपर्यंत कापसाची काळी जमीन लागते. पाणीही इथं वाटून जातं: पश्चिमेचं गंगावळीतून अरबी समुद्राला, पूर्वेचं बेण्णीहळ्ळ, मलप्रभा, कृष्णा या वाटेनं बंगालच्या उपसागराला. आणखी पूर्वेला गदगजवळ कप्पतगुड्डाच्या डोंगरांवर पवनचक्क्या फिरतात. तिथवर वाऱ्यातली ओल सरलेली असते, जोर मात्र टिकून असतो.

हुबळीहून यल्लापूर आणि अरबैल घाटामार्गे गोकर्ण साधारण दीडशे किलोमीटर आहे. सर्फिंग शिकायचं तर ऑक्टोबरनंतर जा, आदल्या रात्री मुक्काम करा आणि सकाळी लवकर पाण्यात उतरा. जून ते सप्टेंबर मात्र या समुद्राच्या वाटेला जाऊ नका. त्या दिवसांत सोमेश्वराला जा. शाल्मला तेव्हाच भरून वाहते.